नर्मदा नळाला, बोअर पाताळाला

इंदुरात सकाळी एखाद्या घरी ‘आज नर्मदा आली का?’ असे कोणी विचारले, तर त्याला नदीविषयी काही म्हणायचे नसते. नळाला पाणी आले का, एवढेच त्याला हवे असते. नदीचे नाव नळाला चिकटण्याइतकी ही सवय जुनी आहे. १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी पहिल्यांदा इंदुरात आले. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर, आणि वाटेत विंध्याची धार ओलांडण्यासाठी करावी लागणारी चढण जवळजवळ अर्ध्या किलोमीटरची. त्याआधी शहराची तहान बिलावली आणि सिरपूरचे तलाव, आणि १९३० च्या दशकात होळकर संस्थानाने गंभीर नदीवर बांधलेले यशवंतसागर, यांवर भागत असे. शहराबाहेर तर प्रश्नच नव्हता. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही माळव्याची ओळख इथे मराठी घरांतही पाठ असते. सांवेर, देपालपूर किंवा महूकडे ज्यांची शेती होती, त्या घरांतल्या आजोबांच्या तोंडी ‘आपल्या विहिरीला बारमाही पाणी होते’ हे वाक्य हमखास असे.

ज्या भूमीची ओळखच पाण्याने होत असे, तिथे विहिरी कोरड्या कशा पडल्या? याची दोन उत्तरे नेहमी मिळतात. एक, पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. दोन, माणसे वाढली. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु दोन्हींत एक गृहीत दडलेले आहे : पाणी ही निसर्गाची बाब, तिचा वापर ही माणसाची बाब, आणि पहिलीने दुसरीवर परिणाम करायचा. प्रत्यक्षात परिणाम उलटही होतो, आणि तो पुन्हा फिरून माणसावर येतो. पाऊस पाहून शेतकरी पीक ठरवतो, पिकासाठी पाणी उपसतो, उपशाने भूजल खाली जाते, खाली गेलेले भूजल पाहून तो पुढचे पीक, पुढची विहीर, प्रसंगी पुढचे कर्ज ठरवतो. हे रहाटगाडगे आहे. मुरुगेसू शिवपालन, हुबर्ट सावेनिये आणि ग्युंटर ब्ल्योश्ल या तीन जलशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या परस्परसंबंधाच्या अभ्यासाला स्वतंत्र नाव सुचवले. मराठीत त्याला समाज-जलविज्ञान म्हणता येईल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नदी किंवा भूजलाचे गणित मांडताना माणसाला बाहेरून येणारा एक ठरावीक आकडा समजू नये, कारण तो आकडा पाण्याकडे पाहून सतत बदलत असतो. हे नाव नवे असले, तरी ज्याने आपल्या विहिरीचा तळ पाहिला आहे अशा कोणालाही त्यातली गोष्ट नवी वाटणार नाही.

माळव्यात हे चक्र वेगाने फिरते, त्याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून इथला काळा पाषाण बनला. महाराष्ट्राच्या पठाराचा खडक तोच आहे. या खडकात वाळूसारखी पोकळी नसते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांत. अशा शंभर घनमीटर खडकातून निचऱ्याने हाती लागणारे पाणी साधारण एक ते तीन घनमीटर भरते. या एका आकड्याचे परिणाम फार मोठे आहेत. इंदूरला वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला शंभर मिलिमीटर जमिनीत खोल मुरला असे धरले आणि खडकातून हाती लागणारे पाणी दोन टक्के मानले, तर विहिरीतली पातळी पाच मीटरने चढते. शेतकरी खूश होतो. परंतु नेमक्या याच हिशोबाने, तेवढाच शंभर मिलिमीटरचा थर उपसला की पातळी पाच मीटरने उतरते, आणि शंभर मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दोन पाण्यांपेक्षाही कमी. अर्थात सगळ्या शिवारावर एकाच वेळी गहू नसतो, म्हणून निभावते. गंगेच्या खोऱ्यातली गाळाची भूमी ही मोठ्या ठेवीसारखी आहे, वर्षानुवर्षे काढत राहिले तरी तळ दिसायला वेळ लागतो. आपला खडक म्हणजे महिन्याचा पगार आहे, पहिल्या तारखेला भरतो आणि शेवटच्या आठवड्यात संपतो.

आता या खडकावर शेती कशी बदलली ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

विहिरीवर चडस, म्हणजे आपली मोट, चालत असे त्या काळात माळव्यातल्या भारी काळ्या जमिनीचा बराचसा भाग पावसाळ्यात पडीक ठेवला जाई. भर पावसात त्या चिकट मातीत औत घालणे शक्य नसे. चार महिने जमीन पाणी पीत राही आणि दसऱ्यानंतर वाफसा आला की त्याच साठलेल्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरला जाई. कठिया जातीचा हा माळवी गहू, ज्याला महाराष्ट्रात बन्सी म्हणतात, फारसे पाणी न मागता येत असे. उत्पन्न कमी होते, पण या पिकासाठी पाण्याचे भांडार विहिरीत नव्हते, मातीतच होते. १९७० च्या दशकापासून सोयाबीन आले. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या जमिनीत नव्वद-शंभर दिवसांत येणारे, तेल गिरण्यांत हातोहात खपणारे पीक मिळाल्यावर ते कोणी का नाकारावे? माळव्याने ते इतके उचलले की सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९८७ मध्ये इंदुरातच झाले. या पिकाने माळव्याचा शेतकरी उभा केला, त्याची मुले इंदुरात शिकली, हे मान्य करूनच पुढचे लिहायला हवे.

पुढचे असे की, सोयाबीन निघाल्यावर मातीतली ओल पूर्वीएवढी उरत नाही. शिवाय आता पेरायचा तो जास्त उत्पादन देणारा, चार-पाच पाणी मागणारा गहू. म्हणजे जे काम पूर्वी माती करत होती, ते आता विहिरीकडे आले, आणि विहीर कमी पडू लागल्यावर बोअरकडे. बोअर खोदायला पैसा कोणी दिला? बऱ्याच अंशी सोयाबीननेच. एका पिकाच्या नफ्याने दुसऱ्या पिकाची तहान वाढवली आणि ती भागवण्याचे साधनही दिले. या साखळीतले प्रत्येक पाऊल ज्याच्या त्याच्या जागी शहाणपणाचे होते. चुकीचा निर्णय एकही नव्हता, आणि तरीही १९९० च्या सुमारास शेजारच्या देवास शहराला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी पोचवण्याची वेळ आली. दरवर्षी जेवढे मुरते त्याहून जास्त उपसले जाते, अशा क्षेत्राला केंद्रीय भूजल मंडळ ‘अतिशोषित’ म्हणते. पश्चिम माळव्यातले अनेक विकासखंड आज त्या यादीत आहेत.

विजेची बाजू थोडक्यात सांगायला हवी. शेतीच्या पंपाला वीज मिळते ती ठरावीक तासांची आणि तिचा आकार मीटरवर नाही, तर पंपाच्या अश्वशक्तीवर लागतो. त्यामुळे एकदा आकार भरला की पुढचा तास पंप चालवण्याचा खर्च शून्य. वीज येईल तेव्हा पाणी भरून घ्यायचे, कारण उद्या येईलच याची खात्री नाही. आणि समजा एखाद्या शेतकऱ्याने हात आखडता घेतलाच, तरी खडकातल्या भेगेला बांध-हद्द कळत नाही; त्याने राखलेले पाणी शेजाऱ्याचा पंप ओढून घेतो. संयमाचा लाभ दुसऱ्याला आणि तोटा स्वतःला, अशी परिस्थिती असताना संयमाचे व्याख्यान देणे मला नेहमी थोडे उद्धटपणाचे वाटत आले आहे. या शर्यतीत प्रथम बाहेर पडतो तो उथळ विहिरीचा लहान शेतकरी. आणि जो खोल जातो त्याचेही फावतेच असे नाही, कारण या खडकात काही खोलीनंतर भेगाच विरळ होतात. चारशे-पाचशे फुटांचे कोरडे बोअर माळव्यात नवलाचे नाहीत, त्यांचे कर्ज मात्र ओले राहते.

हवामानबदल या फिरत्या गाड्याला नेमका कुठे हात लावतो? हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोराने पडतो, आणि मधली उघडीप लांबते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ मधील एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी काळ्या मातीला हा फरक सोसत नाही. ही माती कोरडी असताना तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले पाणी झरझर आत जाते. पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. झिमझिम पडणारा आठ दिवसांचा पाऊस तिला तो वेळ देतो. तीन तासांत कोसळणारा पाऊस तो वेळ न देता माती घेऊन ओढ्याला मिळतो.

२०२३ चा पावसाळा या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. देशाच्या हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के झाली, म्हणजे कागदावर फार वाईट नव्हती. परंतु त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर इंदूर-उज्जैन भागात पाऊस असा कोसळला की नाले रस्त्यावर आले. सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी तहानले आणि त्यानंतर पाण्यात उभे राहिले. आता यात शेतकऱ्याची कृती पाहा. ऑगस्टमध्ये पीक माना टाकू लागले, तेव्हा ज्यांच्याकडे बोअर होते त्यांनी पंप सुरू केले. एरवी ज्या महिन्यांत भूजल भरायचे, त्याच महिन्यांत ते उपसले गेले. हवामानाचा झटका भूजलाला दोनदा बसला, एकदा पावसाने न मुरून आणि एकदा माणसाने घाबरून. तिसरा फटका रब्बीत बसतो. २०२२ चा मार्च हा तोवरच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापले, की शेतकरी पीक थंड ठेवण्यासाठी आणखी एक हलके पाणी देतो. त्या वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यातच थांबवली, हे अनेकांना आठवत असेल. आणि अशा प्रत्येक हंगामानंतर गावात एक निष्कर्ष पक्का होतो : ज्याच्याकडे बोअर होते तो वाचला. त्यामुळे पुढच्या वर्षी गावात बोअरची संख्या वाढते. हवामानापासून स्वतःला वाचवण्याचा जो उपाय एकेका घराला अगदी रास्त वाटतो, तोच सगळ्या गावाची पातळी आणखी खाली नेतो.

उपायांकडे पाहतानाही हीच नजर ठेवावी लागते, कारण उपाय केल्यावर माणसे बदलतात. देवास जिल्ह्यात २००६ पासून उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना शेततलावांची मोहीम झाली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा दहावा ते विसावा हिस्सा तलावाला द्यायचा आणि बोअरऐवजी पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर रब्बी काढायची, अशी ती कल्पना होती. आधी अनुदान आणि मग तलाव, असे न होता आधी मोठ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने तलाव खोदले; हजारो तलाव झाले आणि ‘रेवासागर’ हे नाव पडले. या तलावांचा तळ मातीचाच असल्याने थोडे पाणी मुरून आसपासच्या विहिरींना मिळते आणि उरलेले मार्चच्या आत पिकाला दिले जाते. ही वेळ महत्त्वाची आहे, कारण मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास होते. आता याच्या शेजारी महाराष्ट्रातली प्लॅस्टिक अस्तराची शेततळी ठेवून पाहा. त्यांतली पुष्कळशी पावसाने भरत नाहीत, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे जमिनीखाली, सावलीत, सर्वांच्या मालकीचे असलेले पाणी वर काढून, उन्हात, एकाच्या मालकीचे केले जाते. दोन्हींना आपण शेततळेच म्हणतो. एक पाणी धरते, दुसरे पाणी पळवते.

ठिबकचेही असेच आहे, आणि इथे वाचकांचा थोडा विरोध होईल याची मला कल्पना आहे. ठिबकने एका एकराला कमी पाणी लागते हे निर्विवाद आहे. परंतु वाचलेले पाणी शेतकरी जमिनीत ठेवत नाही. तो दुसऱ्या एकराला ठिबक घालतो किंवा गव्हाऐवजी लसूण-बटाटा लावतो. शिवाय पाटपाण्यात जे ‘वाया’ जात होते, त्यातले काही खाली मुरून शेजाऱ्याच्या विहिरीत जात होते, तेही थांबते. कोळसा कमी खाणारी यंत्रे आल्यावर कोळशाचा खप वाढतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवले होते. सौर पंपाने तर विजेच्या तासांची मर्यादाही जाते. हे सर्व वाईट आहे असे नाही. ठिबक बसवताना एकूण किती एकर भिजवायचे याचा करार नसेल, तर बचत कागदावर राहते, एवढेच.

बाहेरून पाणी आणण्याचा मार्ग उरतो, आणि इंदूरकराला तो सर्वांत ओळखीचा. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्यात आले आणि २०१६ चा उज्जैनचा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. १९७९ च्या नर्मदा निवाड्याने मध्य प्रदेशाला १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी दिले असल्याने त्यातला वाटा माळव्याच्या शेतांपर्यंत नेण्याच्या योजनाही आल्या. मला अडचण वाटते ती चढणीची. एक हजार लिटर पाणी अर्धा किलोमीटर उंच चढवायला, पंपात काहीही वाया जात नाही असे मानले तरी, १.३६ युनिट वीज लागते. हेक्टरभर गव्हाला सहा-सहा सेंटिमीटरची चार पाणी द्यायची तर २,४०० घनमीटर पाणी हवे. म्हणजे एका हेक्टर गव्हासाठी किमान ३,२०० युनिटांहून अधिक, प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीच्या घरात. तेच पाणी शंभर मीटर खोल बोअरमधून काढायला त्याचा पाचवा भाग लागतो. त्यातही नर्मदेला पाणी मिळते ते त्याच मान्सूनचे. आणि पाणी आले की मागणी त्याच्या मागे धावते. धरण बांधल्यावर टंचाई दूर होण्याऐवजी वापर वाढून पुढची टंचाई मोठी होते, हे जगात ठिकठिकाणी दिसल्यामुळे समाज-जलविज्ञानात त्याला ‘पुरवठा-मागणीचे चक्र’ असे नाव पडले आहे. नर्मदेचे टप्पे एकामागून एक होत गेले, तरी इंदुरात उन्हाळ्यात टँकर फिरायचे थांबलेले नाहीत.

मागणीलाच हात घालणारे प्रयोग थोडे आहेत आणि योगायोगाने त्यांतले दोन मराठी मुलखातले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, तर घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळे, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. हिवरे बाजारात सिंचनासाठी बोअर घ्यायला गावाने मनाई केली आणि पावसाचे माप घेऊन वर्षाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. माळव्यात हे अवघड का, याचे एक कारण बाजारात आहे. २०२० मध्ये मध्य प्रदेशाने हमीभावाने सुमारे १२९ लाख टन गहू सरकारला विकून पंजाबलाही मागे टाकले. खरेदीची एवढी खात्री असताना शेतकऱ्याला गव्हाचे पाणी स्वस्तच वाटणार.

तरीही ताळेबंद मांडून पाहू, कारण तो फार कठीण नाही. गाव पाचशे हेक्टरांचे, आणि पावसाने शंभर मिलिमीटर खोल मुरवले, म्हणजे पाच लाख घनमीटर. लोकसंख्या दोन हजार; माणशी रोज पंचावन्न लिटरप्रमाणे वर्षाला चाळीस हजार घनमीटर बाजूला काढले. काही पाणी ओढ्याला पाझरते, काही शेतातून परत मुरते. ती दोन्ही ढोबळमानाने एकमेकांत वजा धरू. गुरांचे पाणी काढल्यावर उरले साडेचार लाख. चार पाण्यांचा गहू यात १८७ हेक्टरांवर होतो. दोन पाण्यांचा हरभरा ३७५ हेक्टरांवर होतो. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर पेरले असेल, म्हणजे उघडिपीत त्याच्या मुळाशी ओल राहिली आणि पंप लावावा लागला नाही, तर हे आकडे टिकतात. ऑगस्टमध्येच पंप सुरू झाले असतील, तर त्यातून तेवढे वजा. दिवाळीच्या सुमारास विहिरीत दोर सोडून पातळी मोजली, की यंदा कोणता आकडा खरा हे कळते. पाचशे हेक्टरांतले गव्हाचे १८७ हेक्टर कोणाचे, हे मात्र दोराने कळत नाही, आणि पेरणीला तेव्हा आठ-दहा दिवस उरलेले असतात.